तांग उस्तादांचं काळं रुखवत

तांग उस्तादांना चमकणारी वस्तू बघवत नाही. नवी मोटार, घासलेलं पातेलं, कुणाचे पॉलिश केलेले बूट, काहीही दिसलं की ते तोंड वाकडं करून म्हणणार, "वाया चाललंय सगळं." म्हणजे प्रकाश वाया चाललाय. आणि खुद्द उस्तादांच्या डोक्यावर एक केस नाही. टाळू अशी तुळतुळीत, की उन्हाळ्यात त्यांच्यासमोर बसून जेवणाऱ्याला डोळे बारीक करावे लागतात. त्यामुळे ते बारा महिने काळी लोकरी टोपी घालतात. खात्यातली टारगट पोरं म्हणतात, "उस्ताद, तुम्हाला एकदा टाकीत बुचकळून काढलं की झालं." उस्ताद रागावत नाहीत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "धाकट्या, कातडी सोसणार नाही, नाहीतर केलं असतं."

धाकट्या म्हणजे मी, झोउ. माझं वय सत्तेचाळीस आहे आणि जिने चढताना माझे गुडघे वाजतात. पण उस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा मी पोरगा होतो, आणि माणूस ज्या वयात भेटला त्याच वयाचा राहतो अशी त्यांची समजूत आहे. ती दुरुस्त करायचा नाद मी सोडून दिलाय.

आमच्या खात्याला सगळे मखमल खातं म्हणतात. सोलर पॅनेलसाठी सिलिकॉनच्या पातळ चौकोनी चकत्या आमच्याकडे येतात, त्या येताना करड्या आणि चकचकीत असतात. आम्ही त्या टाकीतल्या कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात बुडवतो. कॉस्टिक सिलिकॉन खातं, पण खाण्यात त्याचे नखरे फार. एका अंगानं भराभर खाणार, दुसऱ्या अंगाला तोंड लावल्यासारखं करणार. त्यामुळे चकतीभर बारीक बारीक सुळके उरतात, एकाला एक खेटून, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. चकती बाहेर येते ती काळीभोर आणि मऊ दिसणारी. हीच आमची मखमल. यानं काय होतं ते उस्ताद नव्या पोरांना दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी त्यात त्यांच्या बायकोची मावशी येते.

"प्रकाश म्हणजे आमच्या चुनमेईची मावशी," असं ते सुरू करतात. "मावशी दारात आली. तुम्ही म्हणालात, या, जेवायला बसा. ती म्हणते, नको गं बाई, आत्ताच जेवले, आणि वळून चालायला लागते. सपाट चकतीवर हेच होतं. तिनातली एक मावशी दारातूनच परत! आता तेच दार अरुंद बोळात आहे असं समजा. मावशी नको नको करत मागं सरकली ती थेट समोरच्या दारात. तिथं दुसरी बाई वाटच बघत उभी, या, बसा! आता दोन-दोन दारांना नको म्हणणारी मावशी आपल्या गावात तरी मी बघितलेली नाही. गेली आत. बरं, गेली तीही तिरकी. सरळ मागच्या दारानं सटकायची सोय नाही. घरभर फिरणार आणि कुठं ना कुठं जेवणारच."

ही मावशी अजून जिवंत आहे आणि कारखान्यात आपलं इतकं नाव आहे याची तिला कल्पना नाही.

उस्तादांचं दुसरं वेड बोटांचं. टाकीत जाण्याआधी चकतीला उघडं बोट लागलं तर तेवढ्या तेलकट जागी कॉस्टिक नीट लागत नाही आणि काळ्या मखमलीवर ठसा उमटून येतो. एकदा आमच्या मोठ्या साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला उघड्या हातानं चकती उचलली. संध्याकाळी उस्तादांनी तीच चकती, अंगठ्याच्या ठशासकट, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाले, "साहेब, आपली वस्तू राहिली होती." या वेडापायी ते आमच्याकडच्या डुकराच्या गोड बरगड्यासुद्धा हातानं खात नाहीत, चॉपस्टिकनं हाडाशी झुंजत बसतात. त्यांची एकुलती एक मुलगी यीलिन जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला पहिल्यांदा उचलताना त्यांनी हातमोजे घातले होते. चुनमेईवहिनी अजून हे सांगून हसतात. उस्ताद म्हणतात, "मग? डाग पडला असता म्हणजे?"

तर या यीलिननं लग्न जमवलं ते फेंग शेठच्या मुलाशी. फेंग शेठचा कारखाना स्टीलची पातेली चमकवण्याचा. म्हणजे एका व्याह्याचा जन्म चकाकी चढवण्यात गेलेला आणि दुसऱ्याचा उतरवण्यात. पहिल्याच भेटीला शेठ सात पातेल्यांचा संच घेऊन आले आणि म्हणाले, "बघा व्याही, यात बघून दाढी करता येईल." उस्तादांनी पातेलं हातात घेतलं, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि म्हणाले, "छान आहे. याला थोडं खडबडीत करता येईल." दोन्ही विहिणी एकदम चहा घ्या, चहा घ्या म्हणू लागल्या.

खरा वाद पेटला रुखवतावरून. आमच्याकडे मुलीचं रुखवत लग्नाआधी मुलाच्या घरी जातं. रजया, उशा, तांब्याची भांडी, मुलंबाळं व्हावीत म्हणून लाल रंगवलेली लाकडी बादली आणि तिच्यात लाल अंडी. गाव ते बघायला येतं, आणि काय आलं आणि काय नाही आलं यावर सुनेची त्या घरातली पुढची सगळी वर्षं ठरतात. उस्तादांनी ठरवलं की यीलिनच्या रुखवतात एक अख्खं छप्पर द्यायचं. म्हणजे फेंग शेठच्या तिमजली घराच्या गच्चीवर सोलरची पॅनेलं. चकत्या आमच्याच खात्यातल्या, त्यांच्या नजरेखालून गेलेल्या. उस्तादांनी त्या चकत्यांच्या वेळी मला टाकीजवळ डबासुद्धा आणू दिला नाही.

पॅनेलं गच्चीवर चढली त्या दिवशी मी मदतीला होतो. फेंग शेठ कमरेवर हात ठेवून बघत होते.

"व्याही," शेठ म्हणाले, "हे काळं आहे."

"काळंच आहे," उस्ताद अभिमानानं म्हणाले.

"लग्नात काळं?"

"यापेक्षा काळं तुम्हाला उभ्या जिल्ह्यात मिळायचं नाही!"

"अहो, शेजाऱ्यांची बघा. जुनी आहेत, पण निळी तरी आहेत. उन्हात कशी झगमगतात! लांबून कळतं की यांच्याकडे काहीतरी आहे."

उस्तादांनी टोपी काढून पुन्हा घातली. ही वाईट खूण असते. "झगमगतात म्हणजे तेवढा प्रकाश त्यांनी परत पाठवला. ते निळं दिसतंय ना, ती निळी उधळपट्टी आहे. माझं पॅनेल काही परत करत नाही, म्हणून काळं आहे."

"कंजूस आहे म्हणा की."

"भुकेलं आहे म्हणा!"

एव्हाना खाली चार शेजारी जमले होते, त्यामुळे दोघांनाही माघार घेता येईना. शेवटी उस्ताद बोलून गेले, "लग्नाच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्या पाहुण्यांसमोर अंगणातल्या इन्व्हर्टरच्या पेटीवर आकडा बघू. आठ किलोवॅटच्या खाली दिसला तर पॅनेलं उतरवून मी स्वतःच्या पाठीवर घरी नेईन."

"बोललात हं, व्याही!" फेंग शेठ म्हणाले. "हे ऐकलं सगळ्यांनी."

घरी येताना चुनमेईवहिनी आपल्या स्कूटरवर मागून येत होत्या आणि पूर्ण रस्ताभर बोलत होत्या. "तुम्ही पाठीवर न्याल हो. पण पोरगी तिथं राहणार आहे. रोज जेवायला बसलं की कुणीतरी म्हणणार, तुझ्या बापानं दिलेली ती काळी पाटी, आठवते ना? रोज!" मला दिसलं की उस्ताद वहिनींचं म्हणणं आत्ता कुठं समजून घाबरले होते. पुढचे तीन आठवडे ते काही ना काही निमित्त काढून शेठच्या गल्लीत जायचे आणि फाटकाच्या फटीतून पेटीवरचा आकडा बघून यायचे. साडेआठ. नऊ. एकदा नऊच्याही वर. मग खात्यात त्यांचा आवाज चढायचा.

लग्न ऑक्टोबरात होतं. आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. हल्ली दोन्हीकडची पंगत एकत्रच होते, त्यामुळे शेठच्या अंगणात मांडव घालून तीस टेबलं मांडली होती. उस्ताद नवा कोट घालून, टोपीसकट, सकाळपासून आकाशाकडे बघून हसत होते. सरोवरातले मासे वाफवून बाहेर येऊ लागले तशी त्यांनी मला खूण केली आणि आम्ही हळूच पेटीकडे गेलो.

पेटीवर आकडा होता शून्य पॉइंट सहा.

उस्तादांनी पेटीला थाप मारली. शून्य पॉइंट सहा. त्यांनी रुमालानं काच पुसली. शून्य पॉइंट सहाच, पण आता स्वच्छ दिसत होता. मग ते माझ्यावर घसरले.

"धाकट्या, खरं सांग. त्या चकत्यांना तू हात लावलास. डुकराच्या मांसाचे वडे खाऊन आलास आणि हात लावलास!"

"उस्ताद, हातमोजे होते. दोन-दोन."

"मग हातमोजे घालून वडे खाल्लेस!"

"परवा नऊ होता ना आकडा? माझी बोटं काय परवानंतर उमटली?"

हे त्यांना पटलं. आम्ही पाहुण्यांच्या डोळ्याला डोळा न भिडवता घरात शिरलो आणि जिना चढू लागलो. माझे गुडघे वाजत होते आणि उस्ताद मागे वळून "हळू वाजव" म्हणत होते.

गच्चीचं दार उघडलं आणि आम्ही दोघे तिथंच थिजलो. प्रत्येक पॅनेलवर लाल कागदातून कातरलेली, लग्नात शुभचिन्ह म्हणून लावतात ती जोडआनंदाची अक्षरं चिकटवलेली होती. साधी ताटाएवढी नव्हेत, रजईएवढी. कडेला माशांची जोडी, वर कमळ, खाली बदकं. पॅनेलचा काळा रंग दिसत होता तो बदकाच्या डोळ्यापुरता. तेवढ्या डोळ्यांतून जे ऊन आत जात होतं, त्यावर खालचा शून्य पॉइंट सहा चालू होता.

पॅनेलांच्या सावलीत, खुर्चीवर, कातर मांडीवर घेऊन फेंग आजी बसल्या होत्या. शेठच्या आई. वय शहाऐंशी.

"आलास का रे तांग?" आजी म्हणाल्या. "कसं दिसतंय?"

उस्ताद पहिल्या पॅनेलजवळ गेले आणि कागदाच्या कोपऱ्याला त्यांनी नख लावलं.

"हात लावलास तर बघ," आजी त्याच सुरात म्हणाल्या. "चिकट भाताची खळ आहे. निघायची नाही, फाटेल. आणि लग्नाच्या दिवशी जोडआनंद फाटला तर तुझ्या पोरीचं काय होतं, माहितेय ना?"

उस्तादांनी नख मागे घेतलं. आमच्याकडे रुखवताच्या प्रत्येक वस्तूवर लाल कागद लागतोच, बादलीवरसुद्धा, आणि महिनाभर तो काढत नाहीत. हे उस्तादांना माहीत होतं. पण पॅनेलांनाही कुणी तो कागद लावेल हेच त्यांना सुचलं नव्हतं.

"आजी," ते गयावया करत म्हणाले, "कागदानं ऊन अडतं हो."

"खिडकीलाही कागद लावतो आम्ही. उजेड येतो की."

"तसं नाही ते. याला सगळं ऊन लागतं."

"तूच नाही का सांगत होतास, एकदा आत गेलेलं ऊन तुझ्या मखमलीतून बाहेर पडत नाही म्हणून?"

"आधी आत जायला तर हवं!"

"मग एवढी घाई कसली? महिन्यानं जाईल." आजींनी कातर बाजूला ठेवली. "हे बघ. तुझं ते छप्पर चढलं त्या दिवसापासून गल्लीतल्या बाया कुजबुजतायत, लग्नघरावर काळं आलं म्हणून. उद्या त्या पोरीला शिंक आली तरी म्हणतील, बापानं काळं आणलं होतं. म्हणून बसले कातरत. तीन आठवडे कातरतेय, मला नीट दिसतसुद्धा नाही. आज मांडववाल्यांकडून चिकटवून घेतले. आता म्हणू देत कोण काळं म्हणतं ते!"

खालून फेंग शेठचा आवाज आला, "व्याही कुठं गेले? पेटी बघायची वेळ झाली!" पाठोपाठ पाहुण्यांचा हशा.

जिन्यात मी म्हणालो, "उस्ताद, सरळ सांगून टाकू. आजींनी कागद लावले म्हणून आकडा नाही. सगळं गाव वर येऊन बघेल."

"आणि मग हसेल कुणाला?"

"आजींना."

"पोरगी उद्यापासून दिवसभर कुणाजवळ बसणार आहे? पेटीजवळ? म्हातारीनं माझ्या पोरीसाठी डोळे फोडून घेतले, आणि मी तिला तीस टेबलांसमोर उघडी पाडू?" त्यांनी माझ्या कोटाची कॉलर धरली. "तोंड उघडलंस तर खरंच टाकीत बुडवीन, धाकट्या."

अंगणात पेटीभोवती पाहुण्यांचं कोंडाळं झालं होतं. फेंग शेठ हातात पेला घेऊन उभे होते, आणि त्यांच्या शेजारी लाल पोशाखात यीलिन, बापाच्या चेहऱ्याकडे बघत. उस्ताद सरळ पुढे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "बघायची गरज नाही. शून्य पॉइंट सहा. माल खराब निघाला. चूक माझी आहे. उद्या येऊन उतरवून नेतो."

बावीस वर्षांत मी या माणसाच्या तोंडून "माल खराब" हे शब्द ऐकले नव्हते.

फेंग शेठ आधी खुश झाले. मग एवढं सहज जिंकल्यामुळे गोंधळले. शेवटी यजमान म्हणून काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "अहो चालायचंच. रंग बघूनच मला शंका आली होती." कोंडाळ्यात हशा पिकला. यीलिननं मान खाली घातली. चुनमेईवहिनींनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली की कॉस्टिक परवडलं. उस्ताद गेले आणि अगदी कडेच्या टेबलावर, मांडववाल्यांच्या शेजारी जाऊन बसले.

आजींना तीन जिने उतरायला वेळ लागला. सूप वाढून झालं तेव्हा त्या दारात पोचल्या.

"कोण काय उतरवतंय?" त्यांनी काठी आपटली.

"आई, ती पॅनेलं," शेठ म्हणाले. "चालत नाहीत. व्याही परत नेतायत."

"लाल कागद लागलाय त्यांना. लाल लागलेलं रुखवत परत गेलेलं कधी ऐकलंयस? मग रजया पण पाठव. बादली पण पाठव. आणि सुनेलाही पाठव!"

"आई, पण आकडा..."

"सून काय पेटीवरचा आकडा बघून आणलीस?"

मग आजींनी काठीनं कडेच्या टेबलाकडे दाखवलं. "ऊन मी अडवलंय. प्रत्येक पाटीवर माझा कागद आहे, वर जाऊन बघा. हा तांग बघून आला. एक अक्षर बोलला नाही. माझं हसं होऊ नये म्हणून स्वतःच्या मालाला खराब म्हणाला. आता तू हस, बघू कसा हसतोस."

फेंग शेठ हसले नाहीत. त्यांचे कान लाल होऊन त्यांच्या पातेल्यांसारखे लखलखू लागले. त्यांनी पेला काठोकाठ भरला, तीस टेबलं ओलांडली आणि उस्तादांसमोर उभे राहिले.

आमच्याकडे पेला भिडवताना आपला पेला समोरच्याच्या पेल्याखाली धरतात. जो खाली, त्यानं मान दिला. शेठनी आपला पेला उस्तादांच्या पेल्याखाली नेला. उस्तादांना ते कसं सोसावं? त्यांनी आपला आणखी खाली नेला. "नाही नाही, व्याही," म्हणत शेठ कमरेत वाकले. "छे छे, व्याही," म्हणत उस्ताद गुडघ्यांवर आले. शेठ उकिडवे बसले. उस्तादांनी मांडी ठोकली. शेठ कुशीवर झाले, उस्ताद कोपरावर. टेबलावरचा लाल कपडा दोघांवर पडला आणि दोन्ही बाजूंचे मुख्य वडील टेबलाखाली दिसेनासे झाले. वरच्या मांडववाल्यांनी पाय वर घेतले आणि जेवण चालू ठेवलं.

मी वाकून बघितलं. फेंग शेठ पोटावर पडून विचारत होते, "व्याही, सांगितलं का नाहीत हो?"

"सांगितलं असतं तर आकडा मिळाला असता," उस्ताद म्हणाले. "मला पोरीला घर मिळायला हवं होतं."

माझ्या शेजारून लाल पोशाख सरसरत गेला. यीलिन, डोक्यातल्या फुलांसकट, रांगत टेबलाखाली शिरली. तिच्या हातात पेला होता. तिला बघून उस्तादांनी सवयीनं स्वतःचा पेला आणखी खाली घेतला. जमिनीपासून जेमतेम दोन बोटं राहिली असतील. यीलिननं आपला पेला सरळ जमिनीवर टेकवला आणि तसाच सरकवत बापाच्या पेल्याखाली आणला.

त्याच्याखाली आता जागाच नव्हती. उस्तादांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं आणि मग मुकाट्यानं मान घेतला.